लसूण-निंबोळीने भुरी थांबली, डाऊनी का थांबत नाही?

निफाड_बागायत
थॉमसन द्राक्षांची फळछाटणी होऊन 24 दिवस झाले, घड बाहेर आलेत. दर पाच दिवसांनी लसूण-मिरचीचा उकळलेला अर्क आणि घाण्याचं निंबोळी तेल मारतोय. भुरी (पानावर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीरोग) नाही. पण चार दिवस ढगाळ, पहाटे दव, आणि आता पानांवर डाऊनीचे (केवडा रोगाचे) वाटणारे पिवळट तेलकट डाग दिसतायत. अर्काचं प्रमाण दुप्पट करू का? दुसरं म्हणजे टाकीत तेल वर तरंगतं आणि शेवटच्या दोन ओळींतल्या पानांच्या कडा करपल्यात. माल युरोपला द्यायचाय, म्हणून रासायनिक फवारे कमी ठेवायचेत.

दिंडोरी_प्लॉट
भाऊ, प्रमाण वाढवू नका. आधी खात्री करा. डाग असलेली पाच-सहा पानं ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर घरात ठेवा. सकाळी डागाच्या बरोबर खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी वाढ आली, तर डाऊनीच.

भुरीची बुरशी पानाच्या कातडीवर पसरते, त्यामुळे तेलाचा थर थेट तिच्यावर बसतो. डाऊनीचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरतात. डाग दिसेपर्यंत बुरशी आत वाढलेली असते. लसूण, निंबोळी, दशपर्णी (दहा झाडांच्या पानांचा कुजवलेला अर्क), सगळे अर्क वरच राहतात, आत पोचत नाहीत. बीजाणू रुजण्याआधी, दवाच्या आदल्या संध्याकाळी, पानाची खालची बाजू भिजेल असा फवारा बसला तर थोडा आधार मिळतो. त्यापलीकडे अर्कावर विसंबू नका. घड दिसताना डाऊनी घडावर गेली तर सगळा घड वाळतो.

आता डागी पानं काढून बागेबाहेर पुरा, आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस यादीतलं आंतरप्रवाही (पानाच्या आत भिनणारं) औषध काढणीपूर्व कालावधी (फवारा ते काढणी यांत ठेवायचे दिवस) बघून घ्या. काढणी लांब असताना घेतलेला एक योग्य फवारा पुढचे चार वाचवतो.

लासलगाव_जैविक
लसूण उकळणं ही मूळ चूक आहे. लसणातलं बुरशीला मारणारं ॲलिसिन पाकळी ठेचल्यावर विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तयार होतं आणि उष्णतेने विकर मरतो. अख्खा लसूण उकळला तर ते तयारच होत नाही. 100 लिटर पाण्याला 2 किलो सोललेला लसूण घ्या, पाणी न घालता ठेचा, 10 मिनिटं उघडा ठेवा. मग 5 लिटर गार पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा आणि दुहेरी सुती कापडातून गाळा. चोथा राहिला की नोझल बुजतात. त्याच संध्याकाळी संपवा, ॲलिसिन टिकत नाही. कोवळ्या फुटीवर यापेक्षा दाट मारू नका. मिरची काढून टाका, बुरशीसाठी तिचा फारसा उपयोग नाही.

दशपर्णीत गोमूत्र-शेण असतं, म्हणून निर्यातीच्या घडांवर ती नकोच.

ओझर_फवारणी
कडा करपल्या त्या तेलाने. घाण्याचं तेल पाण्यात मिसळत नाही. टाकी रिकामी होत आली की वर तरंगणारा दाट थर नोझलमध्ये येतो, म्हणून शेवटच्याच ओळी भाजल्या. साबण टाकत असाल तर बोअरच्या जड पाण्यात तो फाटून दही होतो. सायट्रिक ॲसिडने सामू (pH) खाली आणलात तरीही साबण फाटतो. त्यामुळे साबण नको, नॉन-आयोनिक स्प्रेडर (जड पाण्यात न फाटणारं, फवारा पसरवणारं द्रव्य) वापरा. तो आधी तेलात घोटा, मग कोमट पाणी थोडं थोडं घालत ताकासारखं पांढरं करा आणि मगच टाकीत ओता. तेल 100 लिटरला 300 ते 500 मिली. काचेच्या बरणीत थोडं मिश्रण 15 मिनिटं ठेवून बघा. वर तेलाची कड दिसली तर टाकीत घालूच नका.

गंधक आणि तेल यांत किमान 15 दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. भर उन्हात मारू नका. मणी सेटिंगनंतर (फुलांतून मणी धरल्यावर) तेल बंद, मण्यावरची पांढरी मेणचट लव जाते आणि माल चकचकीत, डागाळलेला दिसतो. तिथून पुढे भुरीला पोटॅशियम बायकार्बोनेट, लिटरला 5 ग्रॅम.

निफाड_बागायत
पिशवीतल्या सहापैकी चार पानांवर पांढरं आलं. आंतरप्रवाही फवारा आज घेतो. ट्रायकोडर्माही (रोगाच्या बुरशीवर वापरायची उपयोगी बुरशी) चालू आहे, तो लसणासोबत चालेल का?

लासलगाव_जैविक
एका टाकीत नाही दादा, लसूण ट्रायकोडर्मालाही मारतो. चार-पाच दिवस जाऊ द्या. तेही ट्रायकोडर्मा मुळाशी ड्रिपने सोडा, पानावर नको.