गुडघ्याची झीज रक्तात दिसते का?

प्रश्न :
गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (सांध्याच्या झिजेच्या आजारात) रक्तातील चयापचयी घटक (शरीरातील रासायनिक क्रियांत वापरले जाणारे व तयार होणारे लहान रेणू) कसे बदलतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. कूर्चेला (सांध्यातील हाडांच्या टोकांवरील मऊ आवरणाला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील द्रवातून होते. मग दंडातून काढलेल्या रक्तात तिच्या झिजेची खूण शोधणे कितपत योग्य आहे? नमुन्यांच्या पहिल्या तुकडीत रुग्णांच्या रक्तद्रवातील (पेशी वगळून उरणाऱ्या द्रव भागातील) आर्जिनिन हे अमिनो आम्ल निरोगी व्यक्तींपेक्षा कमी आले आहे. तो निष्कर्ष धरावा का?

उत्तर १ :
शोध निराधार नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील स्त्रियांच्या रक्तजलातील (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातील) १६३ घटक तपासले गेले. त्यात व्हॅलिन व ल्युसिन या अमिनो आम्लांचे हिस्टिडिन या आणखी एका अमिनो आम्लाशी असलेले प्रमाण या आजारात वाढलेले आढळले आणि दुसऱ्या गटातही तेच दिसले. मात्र व्हॅलिन व ल्युसिन स्थूलता व इन्सुलिनरोध (शरीराने इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे) यांतही वाढतात, आणि स्थूलता तर या आजाराचेच एक मोठे कारण आहे. रक्तात यकृत, स्नायू, मेद या सर्वांचीच भर पडत असल्याने वय, लिंग आणि वजन जुळणारा निरोगी गट नसेल, तर आपण गुडघा मोजतो आहोत की वजन, हे ठरवता येणार नाही. शक्य असेल तेथे त्याच दिवशी सांध्यातील द्रवही घ्यावा.

उत्तर २ :
आर्जिनिन घटल्याची नोंद इतरांनीही केली आहे, म्हणूनच अधिक सावध राहावे असे मला वाटते. तांबड्या पेशींत आर्जिनेझ हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, एन्झाइम) असते. पेशी फुटल्या की ते रक्तद्रवात उतरते आणि आर्जिनिनचे ऑर्निथिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करते. रक्तद्रव वेगळा करण्यास उशीर झाला, तर पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि त्यातून तयार होणारे लॅक्टेट वाढते. दोन्ही गटांच्या नमुन्यांना सारखाच वेळ लागला होता का? कृपया नोंदवही पाहावी.

प्रश्नकर्ता :
पाहिली. निरोगी व्यक्तींचा रक्तद्रव अर्ध्या तासात वेगळा झाला होता. रुग्णांचे रक्त शस्त्रक्रियेच्या सकाळी घेतलेले असल्याने त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागला. त्याच नळ्यांत ऑर्निथिन आणि लॅक्टेट वाढलेले आहे. म्हणजे ही घट आजाराची नसून उशिराची असू शकते, म्हणून आर्जिनिनचा निष्कर्ष मी मागे घेत आहे. पुढची तुकडी उपाशीपोटी घेऊन, दोन्ही गटांसाठी तीस मिनिटांची एकच मर्यादा पाळून, उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवणार आहे.