मदत हवी आहे: डॅशबोर्डवरची विक्री लेखा विभागाच्या आकड्याशी जुळत नाही

ईआरपीतला (कंपनीचे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) डेटा रोज रात्री डेटा वेअरहाउसमध्ये (रिपोर्टसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये) येतो. ऑर्डर, डिस्पॅच आणि इन्व्हॉइस ही तीन टेबलं ऑर्डर क्रमांकावर जोडून मासिक विक्री काढली आहे. ती दर महिन्याला लेखा विभागापेक्षा जास्तच येते. डुप्लिकेट ओळी तपासल्या, नाहीत. शिवाय ऑर्डर कुठल्या टप्प्यावर किती वेळ अडते तेही हवंय, पण स्टेटसचा कॉलम एकच आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
आधी जॉइन (टेबलांची जोडणी) बघा. १०० ची ऑर्डर, माल दोन खेपांत गेला, बिलं ६० आणि ४० ची. जोडल्यावर २ × २ म्हणजे चार ओळी होतात आणि ऑर्डरची रक्कम ४०० भरते. मूळ टेबलांत डुप्लिकेट सापडणारच नाहीत, ते जॉइनमध्ये तयार होतात. बेरजेत डिस्टिंक्ट (सारखी रक्कम एकदाच धरणारी सूचना) घालू नका, सारख्या रकमेच्या दोन वेगळ्या ऑर्डरींतली एक गायब होईल. डिस्पॅच आणि इन्व्हॉइस आधी ऑर्डरनिहाय बेरीज करून एका ओळीवर आणा, मग जोडा.

प्रतिसाद २
एवढं करूनही जुळेलच असं नाही. ३० तारखेच्या ऑर्डरचं बिल पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला झालं, तर लेखा विभाग ते पुढच्या महिन्यात धरतो. तो क्रेडिट नोटा (परताव्यापोटी ग्राहकाच्या नावे जमा केलेल्या रकमा) वजा करतो, आणि कर विक्रीत धरत नाही. तुमची ऑर्डरची रक्कम करासकट आहे का, बघा. बंद झालेला एक महिना घेऊन फरक करामुळे किती, परताव्यामुळे किती, तारखेमुळे किती असा फोडा. उरलेला शून्य यायला हवा.
मग डॅशबोर्डवर दोन आकडे ठेवा: 'नोंदवलेली मागणी' आणि 'बिल झालेली निव्वळ विक्री'. व्याख्या विक्री आणि लेखा विभागाकडून लेखी घ्या. ती आयटीने ठरवायची गोष्टच नव्हे (आणि नेमकी तीच आयटीच्या गळ्यात पडते).

प्रतिसाद ३
स्टेटसचं दुखणं वेगळं. रात्री एकदाच डेटा उचलता, त्यामुळे सकाळी 'पॅकिंग' आणि दुपारी 'डिस्पॅच' झालं तर पॅकिंग दिसणारच नाही. ऑर्डर क्रमांक, टप्पा, वेळ, कोणी बदललं असा लॉग ईआरपीतच सुरू करा. दर बदलाला नवी ओळ, जुनीला हात नाही. मागचा इतिहास कुठेच नोंदलेला नसेल तर तो गेला, अंदाजाने भरू नका.
आणि गोदामात दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी एकदम टाकतात का, ते विचारा. एका मिनिटात चाळीस डिस्पॅच दिसले तर ती कामाची वेळ नव्हे, टायपिंगची. माल दाराबाहेर पडतानाच बारकोड स्कॅन होईल असं काम लावून घ्या, टप्प्यांचा रिपोर्ट त्यानंतर.