बी विंग ग्रुप: रोज सकाळी सव्वासहाला नेट जातंय

सोमवार

३०२ काकू: सुप्रभात. कोणाचं नेट सकाळी सव्वासहाच्या सुमारास जातं का? माझं गेले बारा-पंधरा दिवस रोज जातंय, दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं पण तोवर क्लासची वाट लागलेली असते. पलीकडे अमेरिकेत संध्याकाळ असते, मुलं बाराखडी म्हणत असतात आणि मी मधेच गायब

१०३ आजोबा: आमचं हॉलमध्ये ठीक चालतं, आतल्या खोलीत रडतं. वेळेचं काही नाही, दिवसभर तसंच.

४०३: काकू राउटर बंद करून चालू करा

३०२ काकू: अरे तो स्वतःच बंद चालू होतोय असं वाटतंय मला 😓 नेटवाला मुलगा तीनदा येऊन गेला, दुपारी येतो, स्पीड दाखवतो, सगळं ओके म्हणतो आणि जातो. आता नवीन राउटर घ्या म्हणतोय

६०४: काकू राउटर लगेच घेऊ नका. उद्या नेट गेलं की मोबाइल बघू नका, राउटरचे दिवे बघा. सगळे दिवे एकदम विझून एकेक करत परत लागले तर करंटचा प्रॉब्लेम. बाकी दिवे आहेत पण एलओएस लिहिलेला लाल लुकलुकतोय तर बाहेरून येणारी फायबर. आणि दिवे सगळे नेहमीसारखे हिरवे तरी नेट नाही, तर वायफाय नाहीतर कंपनीकडची गडबड. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत म्हणून आधी हे बघू

५०१ ताई: माझ्याकडे लालच आहे रे, शनिवारपासून!! मी वायफायचा पासवर्ड बदलून बघत बसले

६०४: ताई शनिवारी घरी काही काम काढलं होतं का

५०१ ताई: खिडकीला कबुतराची जाळी लावून घेतली

६०४: मग तिथेच बघा. ती काळी बारीक वायर जाळीच्या हुकाखाली दाबली गेली असेल नाहीतर काटकोनात मोडली असेल. आत केसाएवढी काच असते, जास्त वाकली की उजेड पुढे जातच नाही. स्वतः ओढू नका, आणि तुटली असेल तर टोक डोळ्यासमोर धरू नका, आतलं लेझर दिसत नाही पण डोळ्याला वाईट. कंपनीच्या माणसाला सांगा जॉइंट मारायचाय, म्हणजे तो मशीन घेऊन येईल

५०१ ताई: हुकाखालीच आहे 😭 फोटो टाकते. बरं झालं विचारलं

६०४: आजोबा तुमचा राउटर टीव्हीच्या मागे आहे ना, तो आधी बाहेर उंचावर ठेवू. आणि आपल्या विंगमध्ये सगळ्यांचे राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच चॅनेलवर बसलेत, १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांना धक्का देत नाहीत. मी रविवारी येऊन बदलून देतो.

१०३ आजोबा: ये. चहाला ये.

मंगळवार

३०२ काकू: ६ वाजून १७ मिनिटं. डोळ्यात तेल घालून बसले होते. ट्यूब जरा फडफडली, पंखा किंचित मंदावला आणि राउटरचे सगळे दिवे एकदम गेले, मग एकेक आले. ट्यूब आणि पंखा मात्र बंद पडले नाहीत!

६०४: काकू एकदम नेमकं बघितलंत 🙏 सव्वासहाला आपल्याकडे काय चालू होतं?

४०३: पाण्याची मोटर!! वॉचमनकाका खालच्या टाकीत पाणी आलं की सहा-सव्वासहालाच चालू करतात

सेक्रेटरी: मोटर गेली १५ वर्षं त्याच वेळेला चालू होते. तेव्हा कोणाचं नेट जात नव्हतं. उगाच मोटरवर ढकलू नका.

६०४: साहेब मोटरची चूक म्हणत नाहीये. कुठलीही मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेवढ्यापुरता सगळ्यांकडेच व्होल्टेज खाली येतो. चांगला अडॅप्टर तो क्षण निभावून नेतो कारण आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. अडॅप्टर वर्षानुवर्षं गरम होऊन होऊन तो कपॅसिटर सुकतो, मग एवढासा झटकाही त्याला झेपत नाही. काकूंचा किती जुना आहे?

३०२ काकू: लॉकडाऊनमध्ये घेतलेला, २०२०. रात्रंदिवस चालूच असतो. हात लावला तर चटका बसतो

६०४: मग तोच. आणि नेटवाला दुपारी येतो तेव्हा मोटर बंद असते, त्याला सगळं ओकेच दिसणार. त्यावर आउटपुट काय लिहिलंय वाचा

३०२ काकू: भिंग घेऊन वाचलं. १२ व्होल्ट, १ अँपिअर

६०४: माझ्याकडे जुन्या राउटरचा १२ व्होल्ट दीड अँपिअरचा पडलाय, पिन बसते का बघतो. रात्री आणून देतो

सेक्रेटरी: ठीक आहे. तरी मी इलेक्ट्रिशियनला मोटरचा स्टार्टर बघायला सांगतो. ट्यूब फडफडते म्हणजे काहीतरी बघण्यासारखं आहे.

बुधवार

३०२ काकू: मोटर सुरू झाली, ट्यूब फडफडली, आणि राउटर हललासुद्धा नाही!!! पूर्ण तास झाला, आज ज्ञ पर्यंत पोचलो. बाळा तुझे किती आभार मानू, मी नवीन राउटरचे पैसे भरणारच होते आज

६०४: काकू तुम्ही दिवे बघितलेत म्हणून सापडलं. हा अडॅप्टर ठेवून घ्या

सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियन शनिवारी ११ वाजता येतोय. १ वाजेपर्यंत मोटर बंद राहील, पाणी भरून ठेवा.

३०१: आमचं पण सकाळी असंच जातं, मी आत्ता लॅमिंग्टन रोडला आहे तर १२ व्होल्टचाच एक घेऊन टाकू का? आमच्या जुन्यावर ९ व्होल्ट लिहिलंय पण पिन सेमच दिसतेय

६०४: नाही नाही १२ चा अजिबात लावू नका, राउटर जळेल!! व्होल्ट तंतोतंत तेवढाच पाहिजे, ९ म्हणजे ९. अँपिअर लिहिलाय तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नको. दुकानात जुना दाखवून घ्या

३०१: जुना घरी आहे. बायकोला फोटो पाठवायला सांगतो, थांबलोय इथेच