घरशाळेची मुलं बेळगावला परतताना: नोंद, शाळाप्रवेश, दहावी

लेस्टरहून:

नमस्कार मंडळी,
गावी परतणाऱ्या घरांसाठी विचारते आहे. इंग्लंडात मुलाला साध्या शाळेतून काढून घरी शिकवायचं तर मुख्याध्यापकांना लेखी कळवलं की पुरतं. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, शिक्षण होत नाही असं वाटलं तर १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या कलम ४३७ ची नोटीस येते. उत्तराला किमान १५ दिवस मिळतात. त्यानंतरही समाधान झालं नाही तर शाळेत घालण्याचा आदेश निघू शकतो. बेळगाव, खानापूर, निपाणीत हे कोण पाहतं? ११ वर्षांच्या मुलाला आधीच्या शाळेचा दाखला नसताना सहावीत घेतील का?

बेळगावहून:

ताई, घरशाळेसाठी इथं वेगळं खातं नाही. परवाना नाही, तपासणी नाही, आणि मदतीचा एक रुपयाही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण ते न पाळल्यास त्या कायद्यात पालकाला दंड सांगितलेला नाही. त्यामुळं घरशाळा मान्यही नाही आणि गुन्हाही नाही. शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली तर आपलं मूल त्याच यादीत बसतं. शिक्षक दारात आले तर तारखा घातलेल्या वह्या आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी समोर ठेवा. लपवाछपवी करू नका, ते मुलाच्या काळजीनंच आलेले असतात.

सहावीचं म्हणाल तर कलम ४ नीट वाचा. शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं ते सांगतं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत हे प्रशिक्षण किमान ३ महिने, जास्तीत जास्त २ वर्षं आहे. कलम १३ प्रमाणं प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही. कलम १४ प्रमाणं वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. चिकोडी-रायबाग पट्ट्यात उसाच्या फडावर आलेल्या मुलांनाही हाच आधार आहे. हक्क मागताना संकोच कसला?

अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा अडून बसली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, म्हणजे बीईओकडं जा. त्यांच्या वर डीडीपीआय, म्हणजे शिक्षण जिल्ह्याचे उपसंचालक. महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण जिल्हे दोन आहेत: खानापूर बेळगावकडं, तर निपाणी, अथणी, रायबाग चिकोडीकडं. चुकीच्या कचेरीत गेलात तर कागद फिरत राहतो.

खरी अडचण कन्नडची. कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर मराठी शाळेतही तो विषय टळत नाही. परतायच्या वर्षभर आधी मुळाक्षरं आणि काना-मात्रा पक्क्या करून घ्या, नाहीतर हुशार पोरही पहिल्याच चाचणीत खचतं.

निपाणीहून:

बेळगावच्या दादांच्या पत्रात दहावीची भर घालतो. मुलाला १४ पूर्ण झाली की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी. आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी ‘हा अभ्यासक्रम झेपेल इतकं शिक्षण झालंय’ असं स्वयंघोषणापत्र चालतं. मराठी माध्यमही आहे. विषय पाच, त्यात भाषा किमान एक, जास्तीत जास्त दोन. फसगत होते ती इथंच. मराठी आणि कन्नड घेतलं की इंग्रजीला जागा उरत नाही, आणि पुढं कॉलेज इंग्रजी मागतं. गणित सोडून गृहविज्ञान घेतलं की सायन्सचं दार बंद.

उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. विज्ञानात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे. टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के वजन असतं. त्या भरल्या नाहीत तर ते गुण गेलेच. नोंदणी ५ वर्षं चालते, त्यामुळं पाचही विषय एकदम देण्याचा हट्ट नको.

परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होते. पीयूसीला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला जायचं असेल तर शेवटचा विषय ऑक्टोबरमध्येच संपवा. एप्रिलच्या परीक्षेचा निकाल हाती येईपर्यंत कॉलेजांचे प्रवेश सुरू झालेले असतात, आणि दुसऱ्या बोर्डाच्या मुलाला पीयू खात्याचं पात्रता प्रमाणपत्रही काढावं लागतं. जन्मदाखला, पासपोर्ट आणि एनआयओएसचा अर्ज, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, तेही एकदाच ठरवा.