उन्हातील लांब शर्यतीत जड बांध्याच्या धावपटूंना आधी सोडावे का?

पहाटवारा (धागाकर्ता)
मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होत असली, तरी समुद्राकाठच्या दमट हवेत सूर्य वर आला की शेवटचे किलोमीटर फार जड जातात. अशा मोठ्या शर्यतींत बहुधा वेगवान स्पर्धक आधी सुटतात आणि संथ धावणारे मागून निघतात. या मागच्यांत जड बांध्याचे लोक अधिक असतात, म्हणजे ज्यांना उष्णता सर्वाधिक बाधते त्यांच्याच वाट्याला सर्वाधिक ऊन येते. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे.

सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते आणि तिचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो. ताशी 10 किलोमीटर वेगाने 50 किलोचा धावपटू तासाला 500 किलोकॅलरी खर्च करतो, तर 90 किलोचा 900. मात्र पहिल्याची त्वचा सुमारे 1.5 चौरस मीटर असेल, तर दुसऱ्याची सुमारे 2.1. वजन जवळजवळ दुप्पट, त्वचा मात्र दीडपटही नाही. त्यामुळे दुसऱ्याला त्वचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून जवळजवळ 30 टक्के अधिक उष्णता घालवावी लागते.

रानवाट
आपली आकडेमोड मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. दोघांचा वेग सारखा असेल, तर दर किलोमागे तयार होणारी उष्णताही सारखीच असते आणि शरीराचे तापमान वाढते ते दर किलोमागे साठलेल्या उष्णतेने. शिवाय जड धावपटू संथ धावतो, म्हणजे तासाभरात तो दर किलोमागे कमी उष्णता निर्माण करतो. हलकी अंगकाठी हे कवच नव्हे. 2019 च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री घेऊनही 68 पैकी 28 धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली, आणि त्या स्तरावरच्या धावपटू बहुतेक सडपातळच असतात. उष्ण हवेत दहा-चौदा दिवस केलेला सराव, घाम लवकर सुटण्याची शरीराला लागलेली सवय आणि हवेतील दमटपणा, या गोष्टींना मी अंगकाठीहून अधिक महत्त्व देतो.

पहाटवारा
दर किलोमागे निर्मिती सारखी असते, हे खरेच; पण निचरा सारखा नसतो. 50 किलोच्या माणसाला दर किलोमागे सुमारे 300 चौरस सेंटिमीटर त्वचा मिळते, 90 किलोच्या माणसाला सुमारे 233. सोळाशे मीटरच्या धावेत हा फरक जाणवणार नाही, कारण तेवढी उष्णता शरीर साठवून घेते. दोन-तीन तासांच्या शर्यतीत मात्र तो साठत जातो. फ्रँक मारिनो आणि सहकाऱ्यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 35 अंश तापमानाला जड धावपटूंचा वेग अधिक घसरला, 15 अंशांना असा संबंध दिसला नाही. आणि जड धावपटू संथ होतो म्हणून सुरक्षित राहतो, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. संथ झाल्यामुळेच तो उन्हात अधिक वेळ राहतो.

चाकोरीबाहेर
आपण दोघेही फक्त धावण्याविषयी आणि दमट हवेविषयी बोलत आहात. सपाट रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये गणित बदलते, कारण तिथे मुख्य विरोध वाऱ्याचा असतो. त्याच वेगासाठी मोठ्या शरीराला थोडीच अधिक शक्ती लागते, आणि ती उष्णता अधिक किलोंमध्ये वाटली जाते. तिथे त्रास लहान चणीच्या स्वारालाच अधिक होतो. चंद्रपूरच्या मे महिन्यातील 44 अंशांत तर हवा त्वचेहून गरम असते, आणि दर किलोमागे अधिक त्वचा असणारा माणूस बाहेरची उष्णताही अधिक ओढून घेतो. कोरड्या हवेत घाम झपाट्याने वाळतो म्हणून तो तग धरतो. पाणी कमी पडले की त्याचीच अवस्था आधी बिघडते. वजनावरून सरसकट नियम करणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

रानवाट
त्वचेचा मुद्दा पटला, आणि लांब, दमट शर्यतीपुरते आपले म्हणणे मी स्वीकारतो. तरीही संथ धावपटूंना पुढे सोडले, तर मागून येणारे वेगवान हजारो लोक अरुंद रस्त्यांवर त्यांच्यात घुसतील आणि धक्काबुक्कीत पडझड होईल. संपूर्ण शर्यतच तासभर आधी सुरू करावी आणि उत्तरार्धात पाण्याची व अंगावर पाणी मारण्याची ठिकाणे दुप्पट करावीत, ही मागणी घेऊन आयोजकांकडे जायला मी तयार आहे. वजनकाट्यावर उभे करून तुकड्या पाडण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

पहाटवारा
वजनकाटा मलाही नको. नोंदणीच्या वेळी ज्याने त्याने अपेक्षित वेळ सांगावी, तेवढे पुरे. पाण्याच्या ठिकाणांची मागणी आपण एकत्रच करू. आधी सुटण्याचा प्रश्न मात्र मी सोडत नाही, कारण संथ धावपटूंसाठी वेगळा रस्ता किंवा अर्ध्या तासाचे अंतर ठेवता येईल का, याचे उत्तर आयोजकांनी द्यायला हवे.