बायोडाट्यातील ‘वर्ण’ हा रकाना कशाच्या आधारावर भरावा?

मृण्मयी (प्रश्न)

धाकट्या बहिणीसाठी एका विवाह मंडळाचा अर्ज भरताना ‘वर्ण’ या शब्दापुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ आणि सावळा असे चार पर्याय छापलेले दिसले. आमचे आई-वडील दोघेही गव्हाळ म्हणता येतील असे आहेत. मी मात्र दोघांहून उजळ आणि ती दोघांहून सावळी आहे. ‘ही कोणावर गेली?’ या प्रश्नाला आम्ही लहानपणापासून सरावलो आहोत. मुलांचा रंग आई-वडिलांच्या रंगांच्या मधला असावा, ही समजूत मुळातच चुकीची आहे काय? आणि गव्हाळ कोठे संपतो व सावळा कोठे सुरू होतो, याला काही शास्त्रीय आधार आहे काय?

शेखर

मी जीवशास्त्र शिकवत असे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. दुधात पाणी मिसळावे तसे आई-वडिलांचे रंग मिसळत नाहीत. मेलॅनिन (त्वचेला रंग देणारे द्रव्य) तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते; फरक पडतो तो त्या पेशींतील रंगकणांचा आकार, त्यांचे प्रमाण आणि त्वचेत त्यांची होणारी विभागणी यांमुळे, आणि या गोष्टींवर अनेक जनुकांचा प्रभाव असतो.

त्यांपैकी एसएलसी२४ए५ हे जनुक २००५ साली झेब्राफिश या लहानशा माशाच्या फिकट सोनेरी वाणामुळे प्रकाशात आले. त्याचे उजळ रूप युरोपात जवळजवळ सर्वांमध्ये आढळते, तर भारतात दोन्ही रूपे नांदतात. आई आणि वडील या दोघांकडेही एक उजळ व एक गडद रूप असेल, तर दोन्ही उजळ रूपे मिळण्याची शक्यता चारांत एक आणि दोन्ही गडद रूपे मिळण्याचीही तितकीच असते. हाच पत्त्यांचा डाव इतर जनुकांच्या बाबतीतही पिसला जात असल्यामुळे सख्ख्या बहिणी आई-वडिलांच्या दोन बाजूंना जाणे मुळीच नवलाचे नाही. एक पुस्ती जोडतो: पूर्व आशियातील लोकांचा उजळपणा बराचसा वेगळ्या जनुकीय बदलांतून आलेला आहे, त्यामुळे सारखा रंग म्हणजे सारखे कूळ असेही समजू नये.

वसुधा

दुसऱ्या प्रश्नासाठी अमेरिकेतील दोन खटले पाहावेत. तेथील कायद्यानुसार त्या काळी नागरिकत्व ‘गोऱ्या’ व्यक्तींना किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत असे. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ त्वचेच्या रंगावरून वंश ठरवता येत नाही, ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन, म्हणजेच त्या काळच्या मानववंशशास्त्राने युरोपीय व त्यांच्याशी जोडलेल्या लोकांचा मानलेला वंश. पुढे तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांनी पंजाबी माणसाची गणना मानववंशशास्त्रज्ञ कॉकेशियनांत करतात हे दाखवले, तेव्हा त्याच न्यायालयाने, न्यायमूर्ती सदरलँड यांच्याच लेखणीने, शास्त्र बाजूला ठेवून सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानली आणि त्यांना नागरिकत्व नाकारले!

थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा सरकारने प्रयत्न केला. ते वाचले, परंतु एकदा निकाली निघालेला प्रश्न पुन्हा उकरता येत नाही या मुद्द्यावर, त्वचेच्या मुद्द्यावर नव्हे.

डॉ. नीलिमा (त्वचारोग)

वर्गीकरण सर्वस्वी निरुपयोगी असते, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडले ते अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी, आणि त्यांचा निकष रंगछटा हा नव्हता, तर उन्हात त्वचा भाजते की रापते हा होता. आरंभी हे प्रकार गोऱ्या त्वचेपुरते होते; तपकिरी व काळ्या त्वचेचे दोन प्रकार नंतर जोडले गेले, ही उणीव मान्य करायला हवी. गव्हाळ आणि सावळा यांच्यामध्ये निसर्गाने आखलेली रेषा नाही. रंग मोजायचाच असेल तर परावर्तित प्रकाश मोजणारे उपकरण दंडाच्या आतल्या, ऊन न लागणाऱ्या बाजूला लावतात, आणि त्यातून मिळणारे आकडे सलग असतात.

मृण्मयी

सर्वांचे आभार. रकाना कोरा ठेवला तर चालेल काय, असे मंडळात विचारले. तेथील बाई म्हणाल्या की चालेल, परंतु कोरा रकाना लोक ‘सावळी’ असाच वाचतात.