लांडगा जंगलात लपलाय म्हणे! मग आमच्या माळावर जांभया कोण देतंय?

माळावरचा
परवापासून एकच पोस्ट चार ग्रुपवरून आली म्हणून लिहितोय, नाहीतर मी आपला गपगुमान वाचणारा माणूस. पोस्ट अशी की सोलापूरकडचे लांडगे माळ संपल्यामुळं सह्याद्रीत सरकलेत, कोयना-चांदोलीच्या घनदाट जंगलात त्यांचे कळप गुपचूप नांदतायत, वनखात्याला खबरच नाही, निसर्गानं आपला मार्ग शोधला वगैरे, आणि शेवटी हात जोडलेल्या स्मायल्या. खाली फोटो कसला तर तांबड्या अंगाचं, काळ्या झुपकेदार शेपटीचं जनावर. अहो तो कोळसुंदा आहे की ओ! शिट्टी घालणारा रानकुत्रा.

मी काय अभ्यासक नाही. सोलापूरजवळ मार्डीच्या अलीकडं आमची जमीन, निम्मी काळी निम्मी नुसता मुरमाड माळ. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळं कांद्याला पाणी धरायला दीड वाजता उठून जायचं. गेल्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा, बॅटरी मारली तर बांधावर चार डोळे. मग सहा. कुत्री वाटली, हाड् म्हणलं. हलले नाहीत. एक उठलं, पुढचे पाय ताणले, चांगली मोठी जांभई दिली आणि पाठ फिरवून परत बसलं. उंच पाय, मातकट अंग, पोट आत गेलेलं. लपणं बिपणं काही नाही, उलट मीच मोटार चालू करून गुपचूप घरी आलो.

आपला लांडगा उघड्यावरचं जनावर आहे. लांबवर बघायचं, दमवत पळायचं, काळवीट, ससा, मेंढरू धरायचं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तिथल्या लांडग्यांवर बिलाल हबीब यांनी पीएचडी केली, माणसांच्या वर्दळीमुळं मादी पिल्लांना घेऊन बिळं कशी बदलत राहते तेसुद्धा लिहून ठेवलंय. म्हणजे अभ्यास आहे, माहिती आहे. पण "तिकडं जंगलात सुखरूप आहेत" म्हणलं की इकडं माळावर प्लॉटिंग पाडायला मोकळे, नाही का?

रानवाटा_पाटण
पोस्ट माझी नाही पण फॉरवर्ड मी केली होती, म्हणून उत्तर देतो. फोटो चुकीचा आहे, मान्य. पण फोटो चुकला म्हणून लांडगा खोटा कसा ठरतो? आमच्या सासुरवाडीला, पाटणच्या वरच्या अंगाला, सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास आम्ही तिघं सड्यावर मुक्कामाला होतो. पहाटे हेल काढल्यासारखा आवाज आला. एक लांब, त्यावर दुसरा, मग तिसरा. कोल्हेकुई मी लहानपणापासून ऐकतोय, ती किंचाळल्यासारखी असते, ही नव्हती. आणि कोळसुंदा शिट्टी घालतो हे तुम्हीच वर लिहिलंय. मग ते कोण होतं, तुमचे चुलते?

बांगलादेशातून लांडगा १९४० च्या दशकातच संपला असं सगळी पुस्तकं सांगत होती. २०१९ ला सुंदरबनच्या जवळ गावकऱ्यांनी एक मारला आणि तपासणीत लांडगाच निघाला. खारफुटीच्या चिखलाशेजारी! पुस्तकात माळ लिहिलंय म्हणून जनावर पुस्तक वाचून राहत नाही.

पुणेरी_लेन्स
आवाजावर जाऊ नका हो, दरीत एका कोल्ह्याचे तीन होतात. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, दोन चौरस किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीला कॅमेरे लावतात. कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होऊन २०१० पासून इतकी वर्षं झाली. त्यात साळिंदर येतं, खवल्या मांजर येतं, करवंदं गोळा करणाऱ्या बायका येतात, कोळसुंदे तर ढिगानं. एकटा वाघ २०१८ ला आला तर दिसला, २०२३ च्या डिसेंबरात आला तर दिसला. आणि लांडग्यांचे "कळप" तेवढे कॅमेऱ्याला चुकवून जातात होय?

रानवाटा_पाटण
बरं झालं वाघ काढलात. डिसेंबर २०२४ ला टिपेश्वरचा वाघ धाराशिवकडच्या येडशीच्या रामलिंग घाटात उगवला. यवतमाळपासून पाचेकशे किलोमीटर! मधे किती गावं, किती रस्ते, किती ऊसतोड कामगारांच्या टोळ्या. एवढं धूड येडशीपर्यंत चालत आलं आणि वाटेत कुणी फोटो काढला नाही. मग वीस किलोचं जनावर लपणार नाही? कॅमेरे प्रकल्पाच्या हद्दीत असतात साहेब. बाहेरची खासगी रानं, देवराया, सडे, तिथं कोण लावतंय?

बार्शीचा_अण्णा
वाघाला कुणी बघितलं नाही म्हणणाऱ्यांनी त्या महिन्यात बार्शी तालुक्यात येऊन बघायचं होतं. संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नव्हतं रस्त्याला. माझ्या मेव्हण्यानं तर वासराला वाघ समजून पत्र्यावर चढून रात्र काढली 😂

वकीलकाका
पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते एवढं सांगून थांबतो. "नाही हे सिद्ध करा" असं कोर्टात चालत नाही.

रानवाटा_पाटण
इथं कोर्ट नाही. आणि तुम्ही थांबत कधीच नाही.

चादरवाली
मी सोलापूरची, आता पुण्यात. आमची आजी तिकडच्याच वडाळ्याची, ती लांडग्याचं नावच घेत नसे, "ते आलं होतं" एवढंच म्हणायची. तिच्या तोंडी जंगल हा शब्द पण नव्हता, माळ आणि रान. माळावर झाड दिसलं की लोकांना आनंद होतो ना, तिथंच गडबड आहे. गवत म्हणजे पडीक, ओसाड, मग लावा गिरिपुष्प! नान्नजच्या बाजूला रांगेनं लावलेलं गिरिपुष्प बघून या, शाळेच्या परेडसारखं उभं आहे. माळढोकच्या पाट्या जागोजागी, माळढोक शोधून दाखवा. आता लांडग्याला पण झाडीत ढकलून मोकळे व्हा. आणि हुरडा पार्ट्या! आम्ही पण जातो, शेंगाचटणी खातो, खोटं कशाला बोलू, पण रात्री दहाला माळाला डीजे कशाला लागतो बे?

बिरू_सांगोला
सगळ्यांचं वाचलं. तुमी लांडगा हाय का न्हाय यावर भांडताय, आमी त्येला मेंढरं घालतोय. मामाचा वाडा, म्हंजी मेंढरांचा तळ, दरसाल सोलापूरच्या अंगाला येतो. मागल्या साली माघात एकाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली व्हती, भोवती वाघर म्हंजी जाळी लावली व्हती, कुत्री व्हती. पहाटंला एक गाभण मेंढी गेली. आवाज न्हाय काय न्हाय, नरडं धरून उचलून वाघरीवरनं नेली, रगताचा माग ओढ्यापातुर. मामा म्हणला जाऊ द्या, त्येचा वाटा हाय. आमच्यात जुनी माणसं असंच म्हणत्यात. मी शिकलेला, मी म्हणलो भरपाई मिळती, कायद्यात हाय.

हितनं पुढं ऐका. अठ्ठेचाळीस तासात कळवायचं, मढं हलवायचं न्हाय, पंचनामा हुस्तवर. आता मढंच लांडग्यानं नेलंय तर मी हलवू काय न्हाय काय? ओढ्यात डोकं आन् दोन पाय घावलं. फोन केला, म्हणले साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिशी एकजण आला, म्हणला कशावरून लांडगा, कुत्र्यानं खाल्ली असंल, कुत्र्याला भरपाई न्हाय. माझी मेंढी गेली, दोन दिवस वाडा जाग्यावर अडकला, शेतमालक म्हणतो खत पडलं आता उठा. शेवटी मामाच खरा निघाला. त्येचा वाटा म्हणून सोडून दिलं.

निवृत्त_मास्तर
बिरूच्या प्रसंगाबद्दल वाईट वाटतं, पण तो माणूस अगदीच चुकीचं बोलला नाही. गावोगावी मोकाट कुत्र्यांचे कळप झालेत आणि नव्वद टक्के मेंढ्या तेच मारतात.

बिरू_सांगोला
नव्वद टक्के कुणी मोजलं मास्तर? कुत्रं मागनं धरतं, फऱ्याला. पाच-सा मेंढरं फाडतं आन् टाकून जातं. लांडगा एकच निवडतो आन् नरड्याला धरतो. आमच्यातल्या धा वर्साच्या पोराला कळतं.

निवृत्त_मास्तर
"नव्वद" बोलण्याच्या ओघात गेलं. पण कुत्री वाढलीत हे तरी खरं ना?

पुणेरी_लेन्स
कुत्र्यांचा मुद्दा गंभीर आहे, हसण्यावारी नेऊ नका. पुण्याकडच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झालेली जनावरं डीएनए तपासून सिद्ध झालीत. गावातला उकिरडा, चिकन सेंटरची घाण माळावर टाकायची, त्यावर कुत्री पोसायची, मग तीच कुत्री लांडग्यात मिसळतात, रोग पण देतात. लांडगा बंदुकीनं नाही संपायचा, असा पातळ होत संपेल.

प्राणीप्रेमी_जुळे
आला का सगळा दोष कुत्र्यांवर! मी जुळे सोलापुरात रोज चाळीस कुत्र्यांना खायला घालते, नसबंदी पण स्वतःच्या पैशानं करून आणते. माणसानं उकिरडे करायचे आणि शिक्षा मुक्या जिवाला?

बिरू_सांगोला
ताई तुमची चाळीस कुत्री आमच्या वाड्याला पाठवा, खायला आमी घालतो, राखण त्यांनी करावी. बिस्किटावर वाढलेलं कुत्रं लांडगा बघून कुठं पळतंय बघू.

प्राणीप्रेमी_जुळे
भाषा नीट वापरा.

बिरू_सांगोला
भाषा नीटच हाय. मेंढी गेल्यावर मी ह्यापरास वंगाळ बोललो व्हतो.

बार्शीचा_अण्णा
ताई, नसबंदी करून परत त्याच चौकात सोडता ना? माझ्या पोराला शिकवणीहून येताना धरलं, इंजेक्शनं घेत फिरलो. प्रेम करा, पण आपल्या अंगणात करा की.

प्राणीप्रेमी_जुळे
परत सोडायचं हा माझा नियम नाही, कायद्यातच तसं आहे. माहिती घेऊन बोला.

वकीलकाका
त्या बरोबर सांगतायत. आणि लांडगा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्या पंगतीत, म्हणजे उद्या बिरूनं रागानं काही केलं तर...

बिरू_सांगोला
बिरू काय बी करत न्हाय काका. बिरू पंचनाम्याची वाट बघतोय.

माळावरचा
अहो धागा लांडग्यावर होता, कुत्र्यांनीच खाल्ला सगळा. मूळ मुद्द्यावर या. रानवाटा, तुमचा येडशीच्या वाघाचा दाखला मी रात्रभर घोळवला. जनावर गुपचूप लांब जाऊ शकतं, हे तुम्ही जिंकलात, घ्या. पण तो वाघ येडशीत थांबला तसा सापडला ना? कॅमेऱ्यात आला, ठसे आले, जनावरं मारली. आणि तुमच्या पोस्टमधले लांडगे तर "नांदतायत". नांदायचं म्हणजे बीळ लागतं, पिल्लं होतात, रोज खायला लागतं. कोयनेच्या दाट झाडीत ते खाणार काय? सांबर पाडायला कोळसुंद्यांची टोळी आहे, भेकराला बिबट्या आहे.

रानवाटा_पाटण
उत्तर प्रदेशात बहराइचला २०२४ मध्ये लांडगे उसात लपून पोरं उचलत होते, तिथं कुठं माळ होता? करमाळ्याचा बिबट्या डिसेंबर २०२० ला गोळी घालेपर्यंत उसाकेळीत हुलकावण्या देत होता. तुमच्याच जिल्ह्यात! झाडी दाट असली की जनावर राहतं, एवढं साधं आहे.

माळावरचा
बिबट्याचं लांडग्याला लावू नका. आणि बहराइचला लपले ते दिसले म्हणूनच तुम्हाला माहीत आहेत! तिथं ऊस आहे, कडेला गावं आहेत, शेळ्या आहेत. ऊस म्हणजे जंगल नाही, उंच गवत आहे. आता तुम्हीच नीट आठवा, तुम्ही आवाज कुठं ऐकला म्हणालात? सड्यावर. सडा म्हणजे काय, जांभ्याचं उघडं पठार, वर गवत. जंगल नाहीच ते! पाटणच्या पूर्वेला खटाव-माण आलं, तो माळ तर लांडग्याचाच. तिकडून एखादी जोडी तुमच्या सड्यापर्यंत आली असेल, शक्य आहे. पण मग ती माझ्या बाजूची साक्ष झाली.

रानवाटा_पाटण
म्हणजे मी ऐकलेला लांडगा खरा, फक्त तो तुमच्या पक्षाचा. वा! सोलापूरकरांचं गणित भारी आहे.

माळावरचा
शेंगा खाऊन येतं ते.

पुणेरी_लेन्स
सड्यावर आला असेल ही शक्यता मलाही मान्य. "कळप", "घनदाट" आणि "गुपचूप" हे तीन शब्द काढले तर पोस्टमध्ये दम आहे 🙂

रानवाटा_पाटण
तीन शब्द काढले तर उरतं काय, हात जोडलेल्या स्मायल्या. बरं, फोटो चुकीचा असल्याचं मी चारही ग्रुपवर टाकतो. पण आवाज लांडग्याचाच होता. त्यावर मी हटणार नाही. येत्या हिवाळ्यात स्वतःच्या पैशानं कॅमेरा आणून सड्यावर लावणार आहे.

चादरवाली
आधी मार्डीला येऊन जा, जांभई देणारा बघा, म्हणजे कॅमेऱ्यात काय शोधायचं ते तरी कळेल. कोळसुंदा आला तर परत फॉरवर्ड नको.

माळावरचा
या की, हुरड्याच्या दिवसात या. डीजे नाही, फक्त मोटारीचा आवाज. लाईट कधी येते ते विचारू नका, या आठवड्यात रात्री बारा ते आठ आहे, पुढच्या आठवड्याचं पुढच्या आठवड्यात कळतं.

बिरू_सांगोला
मामाचा वाडा पौषात तुमच्याच शिवाराला येतोय माळावरचे. रान हाय का मेंढरं बसवायला?

माळावरचा
हाय की. कांदा निघाला की कळवतो. वाघर दोन पदरी लावा म्हणावं मामाला.